साडभाऊंचं साउंड कार्ड

शांततेसाठी एवढा आरडाओरडा करणारा माणूस अख्ख्या सौंसर तहसिलीत दुसरा सापडायचा नाही. हे माझे थोरले साडभाऊ, म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. बिजली विभागात लाइनमनची चाकरी करून ते रिटायर झाले. रिटायर झालेल्या माणसाने निदान वर्षभर तरी घरच्यांच्या वाटेला जाऊ नये, असा एक साधा माणुसकीचा संकेत आहे. तो त्यांनी पहिल्याच महिन्यात मोडला. दर रविवारी सकाळी नऊ ते दहा त्यांच्या घरात कुणी बोलायचं नाही, शिंकायचं नाही, भांडं आपटायचं नाही, कूकर चढवायचा नाही, आणि मे महिन्यात भिंतींना हात लावला तर पोळेल अशी स्थिती असली तरी पंखा लावायचा नाही. खांबावर चढून खालच्या माणसाला हुकूम सोडण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याचा गळा जमिनीवर उतरल्यावरही खांबावरच राहतो. नवाला पाच मिनिटं कमी असताना साडभाऊ अंगणात उभे राहून "चूप बसा रे सगळे! रेकॉर्डिंग होऊन राहिली!" असं ओरडतात, ते बस स्टँडवर नागपूरच्या गाडीची वाट पाहणाऱ्यांनाही ऐकू जातं. त्यातली नवखी माणसं आपल्यालाच म्हटलं असं समजून गप्प बसतात, असं मी स्वतः पाहिलं आहे.

हा सगळा खटाटोप एका गाण्यासाठी होता. झालं असं, की साडभाऊंच्या मुलीने कॉलेजसाठी एक कॉम्प्युटर घेतला होता, आणि तिने वडिलांना इंटरनेटवरचा एक रेडिओ लावून दिला. नागपूरकडची काही हौशी मंडळी तो चालवतात. रविवारी सकाळी ते लोकांनी पाठवलेल्या जुन्या कॅसेटी वाजवतात. वाजलं ते गेलं. मागून ऐकायची किंवा उतरवून घ्यायची सोय त्यांनी ठेवलेली नाही. दोन वर्षांमागे एका रविवारी तिथल्या बाईंनी सांगितलं, "आता ऐकू या रामाकोन्याच्या पार्टीने गायलेलं एक भीमगीत," आणि साडभाऊंच्या हातातला चहा तसाच राहिला. कारण त्या पार्टीत त्यांचे वडील होते. वडील रामाकोन्याला संत्र्याच्या बगिच्यात तोडणीच्या कामाला जात आणि काम नसलं की पार्टीबरोबर गावोगाव गात. ते गेले त्याला आता चाळीस वर्षं होत आली. घरात त्यांचा एकच फोटो आहे, त्यातही शेजारच्या माणसाने डफ असा काही उंच धरला आहे की वडिलांचं निम्मं तोंड डफाआड गेलं आहे. आवाज तर कुठेच नाही. मुलीने नुकतंच शिकवलेलं रेकॉर्डिंगचं बटण साडभाऊंना आठवेपर्यंत गाणं संपत आलं होतं. शेवटचा चाळीस सेकंदांचा तुकडा तेवढा हाती लागला, आणि तोही असा, की एखाद्या पिठाच्या चक्कीत बसून गायल्यासारखा.

इथवर ऐकून कुणाही भल्या माणसाचे डोळे ओले व्हावेत. पण माझा स्वभाव जरा वाकडा आहे. मी विचारलं, "म्हणजे पार्टीचे मुख्य गायक तुमचे वडील का?"

"नाही जी," साडभाऊ म्हणाले. "बाप झीलवर होता."

झील म्हणजे मुख्य गायकाने ओळ टाकली की मागच्यांनी ती उचलून धरायची. हे मागचे चार जण होते, आणि साडभाऊंचे वडील त्या चारांतले एक. म्हणजे एका घराचा पंखा दोन उन्हाळे बंद राहिला तो पाव हिश्श्याच्या आवाजासाठी, असं मी माझ्या बायकोला सांगून भरपूर हसलो होतो. साडभाऊ मात्र आल्यागेल्याला तो तुकडा ऐकवत. चप्पल काढायच्या आत "जयभीम, बसा, आइका" असं एका दमात म्हणून ते बटण दाबत. घरघर, घरघर, त्यातून चार-पाच माणसं विहिरीच्या तळाशी गात असल्यासारखी. मग साडभाऊंचं बोट वर जाई. "हे पाहा. सगळ्यांची झील सरली, अन् एक आवाज अर्धी मात्रा मागं राह्यला. आइकला? थो माहा बाप!" पाहुणा बिचारा हो म्हणे. हो म्हटल्याशिवाय चहा येत नाही, हे सौंसरमध्ये एव्हाना पसरलं होतं. खरं म्हणजे त्या घरघरीत बाप काय, अख्खी वरात निघून गेली असती तरी कळलं नसतं. म्हणूनच साडभाऊंना पूर्ण गाणं हवं होतं, आणि स्वच्छ हवं होतं. ते दर आठवड्याला त्या रेडिओला फर्माईश पाठवत. तिकडून एकदाच उत्तर आलं: कॅसेट ज्यांची त्यांना परत गेली आहे, पुन्हा मिळाली तर रविवारी जरूर लावू. त्या 'जरूर'वर साडभाऊ दोन वर्षं टपून बसले.

आता लाइनमनच्या हाती साउंड कार्ड दिलं तर तो त्याच्याकडे लाइनमनसारखाच बघणार. साडभाऊंच्या मते जगात बिघाड एकच, तो म्हणजे अर्थिंगचा. दुधाला साय कमी आली तरी त्यांना अर्थिंगचा संशय येतो. रेकॉर्डिंगमधली घरघर अर्थिंग कमजोर असल्यामुळे येते असं ठरवून त्यांनी अंगणात अर्थिंगचा नवा खड्डा खोदला, त्यात कोळसा आणि मिठाचं अख्खं पोतं ओतलं आणि रोज सकाळी दोन बादल्या पाणी घालायला सुरुवात केली. खड्ड्यापासून दोन हातांवर ताईंचं संत्र्याचं झाड होतं. ताई म्हणजे माझ्या मेव्हणीबाई. ते झाड त्यांनी कलम आणून लावलेलं, आणि आंबिया बहाराला त्याची दोनेकशे फळं माहेरी-सासरी वाटली जायची. मीठ प्यायला लागल्यापासून झाडाने आधी फुलं टाकली, मग पानं टाकली आणि शेवटी एक दिवस स्वतःच आडवं झालं. घरघर होती तशीच राहिली. "झाड कमजोर होतं," असा साडभाऊंनी निर्वाळा दिला. ताई आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. ते आठ दिवस रेकॉर्डिंगला फार चांगले गेले, असं साडभाऊ अजून सांगतात.

अर्थिंगने भागलं नाही तेव्हा त्यांनी कॉम्प्युटरचा डबा उघडला. साउंड कार्ड उपटून काढलं, त्याच्या पितळी दातांवर पेन्सिलीचं खोडरबर घासलं, आणि त्यात ओल धरली असणार म्हणून गच्चीवर उन्हात ठेवलं. गच्चीवर ताईंच्या मुंगवड्या वाळत होत्या. जुन्या धोतराच्या फडक्यावर, एका कोपऱ्यात, वड्यांच्या रांगेतच साउंड कार्ड मांडलं होतं. संध्याकाळी ताईंनी वड्या गोळा केल्या, आणि पुढचे दोन दिवस साडभाऊ घरभर साउंड कार्ड शोधत फिरले. ते वड्यांच्या डब्यात निघालं. त्याला मुगाचं पीठ लागलं होतं ते पुन्हा खोडरबराने काढलं गेलं. एवढं सोसूनही ते कार्ड चालू राहिलं, यावरून माझा कारखानदारीवरचा विश्वास वाढला.

घरातले आवाज गाण्यात येतात हे साडभाऊंच्या ध्यानात आलं होतं. पण ते का येतात याची त्यांनी आपली एक उपपत्ती लावली होती. "दोन तार जवळून गेले का एकाचा करंट दुसऱ्यात उतरते," ते मला समजावत. "तसाच हा आवाज तारेत उतरून राहिला. तुम्ही शिकलेले लोक, तुमाले हे नाही समजत." मी एकदा म्हटलं, एवढं कशाला, रविवारी मोबाइल समोर धरून रेकॉर्ड करा. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी जणू चालू तारेला हात लावायला निघालो होतो. "मोबाइलात खोलीतला सगळा आवाज येते जी! मले खोली नाही पाह्यजे, बाप पाह्यजे."

मग खोली येऊ नये म्हणून तो रविवारचा बंदोबस्त. त्यासाठी एक रजिस्टर होतं, लाइनवरच्या तक्रारींचं असतं तसं, आणि त्यात नोंदी अशा: 'समय ९.१२, फॉल्ट: कुत्रा.' 'समय ९.३०, फॉल्ट: मोहगावच्या मामाचा खोकला. मामाले समज दिली.' या बंदोबस्ताचा कळस झाला तो मुलीला बघायला छिंदवाड्याहून पाहुणे आले तेव्हा. पाहुणे नेमके रविवारी नऊला दोन मिनिटं कमी असताना दारात. साडभाऊंनी सगळ्यांना ओसरीत बसवलं, ओठांवर बोट ठेवलं आणि खोलीची आतून कडी लावून घेतली. मुलाचे वडील, आई, काका आणि स्वतः मुलगा एक तास एकमेकांकडे बघत बसले. ताईंनी आवाज न करता पोहे दिले, त्यांनी आवाज न करता खाल्ले. मला वाटलं सोयरीक मोडली. पण घरी गेल्यावर त्या मंडळींनी निरोप धाडला, की इतकं शांत, समजदार घर आम्ही पाहिलं नाही, मुलगी पसंत आहे. आज त्या सासरी माझ्या साडभाऊंची ख्याती मितभाषी आणि ध्यान करणारा माणूस अशी आहे, आणि ती खोडून काढायची आमच्यात कुणाची हिंमत नाही.

या घरात एकच माणूस रविवारी जागेवरून हलत नसे, आणि ती म्हणजे साडभाऊंची माय. बाकी सगळ्यांना ओसरीत किंवा स्वयंपाकघरात हाकललं जाई. मायची बाज मात्र त्याच खोलीत, कॉम्प्युटरच्या मागच्या भिंतीशी. तिला उठवायची प्राज्ञा कुणाची? नव्वदीला टेकलेली, ऐकायला तिखट, बोलायला त्याहून. माय रविवारी एक तास तोंड मिटून लेकाच्या पाठीकडे बघत पडून असे. मी तिला एकदा हळूच विचारलं, "माय, त्या तुकड्यातला आवाज साडभाऊंच्या वडिलांचाच का हो?" ती म्हणाली, "पोरगं म्हणते तं असन." मी ते म्हातारपणावर घातलं.

आता माझी गोष्ट सांगितली पाहिजे, कारण दुसऱ्यावर हसणाऱ्याने आपला खिसाही उलटा करून दाखवावा. मी पांढुर्ण्याला एका सरकारी कचेरीत कॉम्प्युटरवर बसतो. नात्यागोत्यात कुणाचंही यंत्र अडलं की फोन मला येतो. साडभाऊंचा फोन दर रविवारी दहा वाजून पाच मिनिटांनी ठरलेला, आणि माझं उत्तरही ठरलेलं: "बंद करून चालू करा." कचेरीत आलेल्या माणसाला आम्ही उद्या या म्हणतो, तसंच हे. पांढुर्ण्याहून सौंसर म्हणजे काही विलायत नाही, तासाभराची बस. पण दोन वर्षं मी फोनवरच "बंद करून चालू करा" म्हणत राहिलो आणि फोन ठेवून बायकोला नवा किस्सा सांगत राहिलो. शेवटी एका रविवारी तीच चिडली. "हसता तं बम, पोट धरून," ती म्हणाली, "कधी जाऊन पाह्यलं का त्याईचं काय बिघडून राहिलं ते?" मला राग आला, म्हणजे तिचं खरं होतं. पुढच्या रविवारी मी सकाळची बस धरली.

बिघाड सापडायला मला दोन मिनिटं लागली. कॉम्प्युटरच्या पडद्यावर मुलीच्या ऑनलाइन वर्गांच्या वेळचा एक छोटा कॅमेरा चिकटवलेला होता. तो बघतो म्हणून ताईंनी त्याच्या डोळ्यावर टिकली लावून ठेवली होती. तो ऐकतोही, हे मात्र कुणाला सुचलं नव्हतं. त्या कॅमेऱ्याच्या पोटात मायक्रोफोन होता, आणि सेटिंगमधल्या रेकॉर्डिंगच्या यादीत त्या मायक्रोफोनसमोर हिरवी टिक होती. म्हणजे गाणं स्पीकरमधून बाहेर पडायचं, खोलीत फिरायचं, भिंतीपलीकडच्या फ्रिजची घरघर अंगावर घ्यायचं आणि मग या टिकली लावलेल्या कॅमेऱ्याच्या कानात शिरायचं. ज्या मोबाइलला खोली येते म्हणून नावं ठेवली, त्याच मोबाइलचं काम साडभाऊ दोन वर्षं कॉम्प्युटरकडून करून घेत होते. मी यादीतली बंद करून ठेवलेली साधनं दाखवायला सांगितली. खाली फिक्या अक्षरांत 'स्टिरिओ मिक्स' नावाची ओळ उगवली. ही ओळ निवडली की कॉम्प्युटर जे वाजवतो ते साउंड कार्डाच्या आतल्या आतच धरलं जातं, बाहेरच्या हवेचा त्याला वाराही लागत नाही. मी ती चालू केली, हिरवी टिक तिच्यावर आणली आणि त्या रविवारचा कार्यक्रम त्यावर रेकॉर्ड केला. आमचं गाणं त्या दिवशी लागलं नाही, पण जे लागलं ते धुतल्या तांदळासारखं उतरलं.

"आता बोला, भांडा, कूकर लावा," मी ओसरीत येऊन जाहीर केलं. "कुठलाही आवाज आत जाणार नाही."

ताईंनी आधी पंखा लावला आणि त्याच्याखाली दहा मिनिटं डोळे मिटून उभ्या राहिल्या. मग डोळे उघडून नवऱ्याकडे बघत फक्त एवढंच म्हणाल्या, "माहं झाड." साडभाऊ रजिस्टर चाळायला लागले.

यानंतर तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी मला रोडग्यांच्या जेवणाला बोलावलं होतं. अंगणात गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर कणकेचे जाड रोडगे, चुलीवर वांग्याची भाजी, ताई मोठमोठ्याने शेजारणीशी बोलत, आत पंखा, कूकरच्या शिट्ट्या. घर पुन्हा घरासारखं वाजत होतं. साडभाऊ कॉम्प्युटरसमोर बसले होते, मी दाराशी, माय बाजेवर. सवयीने ते दर शिट्टीला दचकत आणि मग माझ्याकडे बघून ओशाळून हसत. साडेनवाच्या सुमारास त्या बाई म्हणाल्या, "सौंसरच्या एका श्रोत्याच्या फर्माईशीवरून, रामाकोन्याची पार्टी."

साडभाऊंनी बटण आधीच दाबलेलं होतं. मी पडद्यावर बघितलं, हिरव्या रेषा हलत होत्या, म्हणजे सगळं उतरत होतं. गाणं पाण्याच्या सत्याग्रहावरचं होतं. मुख्य गायकाने ओळ टाकली, मागच्यांनी ती उचलली. आणि तेव्हा मला जे ऐकू आलं ते मी कधी विसरणार नाही. साडभाऊ गात होते. ताठ बसलेले, डोळे मिटलेले, आपण गातो आहोत याची त्यांना शुद्धही नसावी. झील सरली, स्पीकरमधले चौघे थांबले आणि साडभाऊंचा जाड, जरा घोगरा आवाज अर्धी मात्रा मागून येऊन टेकला. पुढच्या ओळीला तसंच. त्याच्या पुढच्याही. त्या चाळीस सेकंदांच्या तुकड्यात सगळ्या सौंसरने ज्याला बाप म्हणून हो म्हटलं होतं, तो हा आवाज होता. त्या पहिल्या रविवारी खोलीत मायशिवाय कुणी नव्हतं, त्यामुळे दोन वर्षं हे कुणाला कळलं नव्हतं. आणि आपला स्वतःचा आवाज यंत्रातून आला की कुणालाच ओळखू येत नाही. मी मायकडे बघितलं. माय माझ्याकडेच बघत होती.

गाणं संपलं. साडभाऊंनी हेडफोन लावले आणि रेकॉर्डिंग ऐकायला घेतलं. एकदा ऐकलं. दुसऱ्यांदा ऐकलं. ताई रोडगे सोडून, पदराला हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या. तिसऱ्यांदा ऐकताना साडभाऊंचं बोट सवयीने वर गेलं आणि तसंच हवेत राहिलं. मग त्यांनी हेडफोन काढले.

"साडभाऊ," ते मला म्हणाले, "बाप नाही जी याच्यात."

"असं कसं? चौघं तं आहेत."

"चौघं आहेत. एकदम बराबर, तालात. मागं कोणीच नाही राह्यलं." त्यांचा गळा त्या दिवशी पहिल्यांदा खांबावरून उतरलेला मी ऐकला. "तुमच्या त्या मिक्सनं सगळा कचरा गाळला, अन् कचऱ्यासंगं माह्या बापालेही गाळून टाकलं."

आता खरं सांगायला काय हरकत होती? माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं. इतकं सुंदर वाक्य, की ते पांढुर्ण्यात मी वर्षभर सांगितलं असतं: साडभाऊ, तुम्ही दोन वर्षं स्वतःलाच शोधत होता! मी तोंड उघडलंही. तेवढ्यात बाजेवरून माय म्हणाली, "जवाईबुवा, ते पयलेसारखं करून द्या."

तिचा आवाज बारीक होता, पण तो हुकूम होता. लेकाला हुकूम सोडायची खोड कुठून मिळाली ते मला तेव्हा समजलं.

मी वाक्य गिळलं. खुर्ची ओढून बसलो, यादी उघडली, हिरवी टिक स्टिरिओ मिक्सवरून काढली आणि टिकली लावलेल्या कॅमेऱ्याच्या मायक्रोफोनवर परत ठेवली. "साडभाऊ, तुमचं बराबर आहे," मी म्हटलं. "हे मिक्स बारीक आवाज खाते. गाणं आता आपल्या हाती आलं आहे, तेच स्पीकरवर वाजवू अन् जुन्या पद्धतीनं पुन्हा उतरवून घेऊ. फक्त सगळ्यांनी चूप बसा." आयुष्यात इतकं खोटं मी इतक्या शास्त्रीय चेहऱ्याने कधी बोललो नव्हतो, आणि मी सरकारी कचेरीत आहे.

ताईंनी काही न विचारता कूकरखालचा गॅस बंद केला. पंखा बंद केला. मग, ज्या फ्रिजला त्यांनी दोन वर्षं हात लावू दिला नव्हता, त्याचाही खटका स्वतः जाऊन पाडला, आणि यावेळी ओसरीत न जाता दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. गाणं सुरू झालं. घर इतकं निःशब्द होतं की निखाऱ्यांवर रोडगे तडकत होते ते आतपर्यंत ऐकू येत होतं. ओळ पडली, झील उठली, साडभाऊंनी डोळे मिटले आणि चौघांच्या मागून अर्ध्या मात्रेने गायला लागले. आम्ही तिघं तोंड मिटून ऐकत होतो. कुणी त्यांना चूप म्हटलं नाही.

मग त्यांनी ते वाजवून बघितलं. पहिली झील सरली आणि ते खुर्चीतून उठलेच. "आला! आइका, माय, आला! पुऱ्या गाण्यात आहे! कसा मागं राहून राहिला पाहा, बुढ्याची खोड!" ते रडत होते आणि हसत होते आणि ताईंना हाताला धरून स्पीकरजवळ ओढत होते. ताई म्हणाल्या, "हो, आला." त्यांनी ते चहासाठी म्हटलं नव्हतं.

निघताना मी मायच्या पाया पडलो. ती माझा हात धरून हळू म्हणाली, "त्याचा बाप तालात पक्का होता. कधी मागं नाही राह्यला, म्हणून तं पार्टीवाले त्याले घरून घेऊन जात. हा लहान होता तवा बापाच्या बाजूले बसून गाये, अन् हाच मागं राहे." मग म्हणाली, "पण गळा बापाचाच आहे. मी पयल्याच दिवशी वयखला." परतीच्या बसमध्ये मी बायकोसाठी एकही किस्सा तयार केला नाही. बाप गेल्यावर चाळीस वर्षं हा माणूस एका ओळीच्या मागे अर्धी मात्रा चालत राहिला, आणि मी त्याला फोनवर बंद करून चालू करा सांगत होतो, याची मला लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

साडभाऊ मात्र होते तसेच आहेत. घरघर उरलीच आहे म्हणून त्यांनी अर्थिंगला आणखी एक पोतं मीठ घातलं. ताईंनी संत्र्याचं नवं कलम यावेळी अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला लावलं आहे. परवा साडभाऊ आमच्याकडे पांढुर्ण्याला आले. माझे कचेरीतले दोन मित्र बसले होते. साडभाऊंनी चप्पल काढायच्या आत खिशातून पेन ड्राइव्ह काढला, "जयभीम, बसा, आइका" म्हणून माझ्या कॉम्प्युटरला लावला आणि बोट वर करून उभे राहिले. मित्रांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले, कारण साडभाऊंच्या नकला त्यांनी माझ्याच तोंडून ऐकल्या होत्या. मी उठलो आणि पंखा बंद केला.